गप्प म्हणजे पोचली

रोपवेच्या खालच्या स्टेशनात तिकीटखिडकीच्या मागून एक अरुंद लोखंडी जिना वर जातो. तो चढून गेलं की कंट्रोलरूम लागते, आणि तिच्या कोपऱ्यात, काचेच्या पार्टिशनपलीकडे, आवरमावशी बसायची. हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव हजेरी लावताना तिला स्वतःलाच आठवावं लागत असेल. टेबलावर दोन स्क्रीन, एक पेन आणि एक कप. ड्रॉवर उघडून पाहिलात तर आत नुसता ड्रॉवर. तुम्ही तिच्याकडे चहा प्यायलात, कप खाली ठेवून जरा खिडकीबाहेर बघितलंत, की वळेपर्यंत कप धुऊन पालथा घातलेला. "अहो, अर्धा होता अजून," असं म्हणायचं धाडस आजवर एकट्या मॅनेजरांनी केलं, तेही एकदाच.

रोपवेचा सगळा प्रोग्रॅम तिने लिहिलेला. काम ऐकायला मोठं वाटतं, पण त्याचं मूळ अगदी घरगुती आहे. खाली माणूस केबिनमध्ये बसला, दार लागलं, की प्रोग्रॅममध्ये एक फेरी जन्माला यायची. प्रोग्रॅमवाले त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. संगणकाच्या मेमरीतला एवढासा तुकडा, पण केबिन कुठली, दोरावर कुठवर आली, दार नीट लागलंय का, हे सगळं त्याला ठाऊक. केबिनच्या छपरावरचा छोटा रेडिओ मधूनमधून 'मी इथे आहे' असं सांगायचा, फेरी ते टिपून घ्यायची, आणि स्क्रीनवर एक ठिपका डोंगर चढत राहायचा. वर पोचून दार उघडलं की फेरीचं काम संपलं. मग तिने गुपचूप नाहीसं व्हावं आणि आपली जागा पुढच्या फेरीला द्यावी.

"जन्माला घालणं काय, एक ओळ लिहिली की झालं," असं ती नव्या लोकांना दरडावून सांगायची. "निरोप कोण देणार ते आधी लिहा. ज्याला आवरता येत नाही त्याने पसारा मांडू नये." ती खरंच तसं लिहायची. ऑब्जेक्ट पुसायची ओळ आधी, घडवायची नंतर. लोक हसायचे, पण तिचा कोड वर्षानुवर्षं न कुरकुरता चालायचा, तेव्हा हसून तरी किती हसणार?

तरी एक कटकट तिच्या मानगुटीवर बसली होतीच. वरच्या स्टेशनातला दाराचा सेन्सर अधूनमधून डुलकी काढायचा. माणूस उतरून घरी जाऊन जेवून झोपला तरी त्याची फेरी प्रोग्रॅममध्ये जिवंतच. अशी भुतं साचत जायची. मागच्या हंगामात भर गर्दीच्या दिवशी मेमरी भरली, स्क्रीन गोठला, दोर थांबला, आणि अधांतरी लटकलेल्या माणसांनी रोपवेवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आवरमावशीला ते फार लागलं. आपल्या घरात कचरा साठला आणि पाहुण्यांना दिसला, असं तिला झालं.

म्हणून तिने झाडू लिहिला. ते त्या कोडचं तिनेच ठेवलेलं नाव. त्याचा नियम साधा होता: जी फेरी बराच वेळ गप्प आहे, जिचा रेडिओ काहीच बोलत नाही, ती पोचली असं समजायचं आणि पुसून टाकायची. केबिन स्टेशनात शिरली की रेडिओ बंदच व्हायचा, त्यामुळे गप्प म्हणजे पोचली, हे बरोबरच होतं. झाडू काय पुसतो त्याची नोंदसुद्धा तिने ठेवली नाही. केर काढताना केराचा हिशेब कोण ठेवतं?

खरं सांगायचं तर हा नियम तिने शोधलेला नव्हता. तो तिच्या वडिलांचा. ते लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, आणि घरात त्यांचा कायदाच होता: फोन आला नाही म्हणजे पोचलो असं समजायचं, उगाच दाराशी बसायचं नाही. आई तरी बसायची. धाकटी आवरमावशी मात्र वडिलांची लेक. थोरलीला, म्हणजे ताईला, तो कायदा लहानपणापासून डोळ्यांसमोर नको असायचा. "आणि पोचलेच नाहीत तर?" असं ती विचारायची, आणि धाकटी म्हणायची, "तर कुणीतरी कळवेलच की."

झाडू आल्यापासून स्क्रीन आरशासारखा लख्ख राहू लागला. मग आवरमावशीने आणखी एक जुनी पद्धत मोडीत काढली. पूर्वी संध्याकाळी बंद करायच्या आधी हळूकाका दोराचा एक पुरता फेरा काढायचे आणि स्टेशनातून जाणाऱ्या प्रत्येक केबिनमध्ये डोकं घालून बघायचे. हळूकाका म्हणजे रोपवेचे ऑपरेटर, मोटर आणि ब्रेक त्यांच्या हातात. सगळं हळू करतात म्हणून हळूकाका. तिच्याहून वयाने चांगलेच मोठे, तरी तिला मावशीच म्हणायचे. "काका, स्क्रीन रिकामा तर दोर रिकामा," तिने त्यांना ऐकवलं. "डोकी कशाला घालताय?" काकांनी आठवडाभर तोंड फुगवलं. मग लवकर घरी जायची चटक लागली, आणि स्क्रीन रिकामा तर दोर रिकामा, हे तेच सगळ्यांना सांगत सुटले.

त्या दिवशी दुपारी ताई आली.

ताई वरच्या गावात राहायची, शिवणकाम करायची. येताना नेहमी काहीतरी घेऊन यायची, पण त्या दिवशी हात रिकामे होते. आई जाऊन थोडेच दिवस झाले होते. आईची खोली आवरमावशीच्या घरात. ताईला आईची ती राखाडी शाल हवी होती, कोपऱ्यावर रफू केलेली, आणि रफू ताईनेच केलेलं.

"शाल?" आवरमावशी म्हणाली. "अगं, मी कपाट रिकामं केलं. सगळं देऊन टाकलं."

"कधी?"

"त्याच आठवड्यात."

ताई उभी होती, ती खुर्चीवर बसली. "त्याच आठवड्यात," ती म्हणाली. "माणूस जातो न जातो तोच तू हात धुऊन मोकळी."

"ताई, कपडे ठेवून आई परत येणार आहे का?"

"येणार नाही, ते मलाही कळतं. पण मला विचारलंस का? एकदा विचारायचंस तरी, की ताई, झालं का तुझं? माझं झालं नव्हतं गं."

असं काही ऐकलं की आवरमावशी हाताला काम देते. तिने ताईच्या पुढ्यातला अर्ध्या चहाचा कप उचलला. ताईने त्या कपाकडे बघितलं, मग बहिणीकडे, आणि पिशवी खांद्याला लावून उठली. "निघते," म्हणाली. जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. पोचल्यावर कळव, असं खालून वर किंवा वरून खाली कुणी म्हणालं नाही. या घरात ते म्हणायची रीतच नव्हती.

थोड्याच वेळात वारा उठला.

डोंगरातल्या वाऱ्याचं काही खरं नसतं. आत्ता खिडकीची काच गप्प असते आणि आत्ता कुणी बाहेरून मूठ मारल्यासारखी दणाणते. भोंगा वाजला आणि दोर आपोआप थांबला. केबिन जिथल्या तिथे झुलत राहिल्या, स्क्रीनवरचे ठिपकेही थांबले. मॅनेजर धावत वर आले. ते वयाने लहान, चेहऱ्याने काळजीवाहू. वाऱ्याच्या दिवसांत त्यांची झोप आणि भूक दोन्ही जात.

"थांबू या," ते म्हणाले. "जरा उतरला की हळूहळू माणसं वर घेऊ, आणि बंद."

वारा उतरायला वेळ लागला. ढग खाली आले, समोरचा डोंगर खांद्यापासून वर दिसेनासा झाला. मग जरा उसंत मिळाली आणि हळूकाकांनी मोटर रांगती ठेवून दोर पुढे काढला. वरच्या स्टेशनात एकेक दार उघडत गेलं, स्क्रीनवरून एकेक ठिपका जात राहिला. शेवटचा ठिपका गेला तसे दोर रिकामा असल्याचं सांगणारे, खालच्या आणि वरच्या स्टेशनातले दोन्ही दिवे हिरवे झाले. काकांनी दोर थांबवला. वरच्या स्टेशनातल्या दोघा कामगारांनी कुलूप ठोकलं, वीज काढली आणि जीप घेऊन रस्त्याने घर गाठायला निघाले. वारा पुन्हा तोंड वर काढत होता.

"सुटलो बुवा," मॅनेजर म्हणाले. "मॅडम, तुमचा स्क्रीन आहे म्हणून बरं. नाहीतर काका अजून डोकी घालत बसले असते."

आवरमावशी हसली, टेबल पुसायला लागली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताईचा मुलगा. चांगला मिशा फुटलेला, नोकरी करणारा माणूस, पण आवाज कापत होता.

"मावशी, आई तिथंच आहे ना?"

"नाही रे. मघाशीच निघाली."

"घरी नाही आली. फोन इथंच टेबलावर विसरून गेलीय. मी वरच्या स्टेशनावर जाऊन आलो, कुलूप आहे."

"अरे, वारा बघून बसने निघाली असेल. घाटात अडकली असेल बस." आणि मग सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "फोन नाही म्हणजे..."

फोन नाही म्हणजे पोचली. गप्प म्हणजे पोचली. ताई रागाने निघाली होती, आणि रागावलेली ताई बसची वाट बघत उभी राहत नाही, समोर येईल त्यात बसते.

ती खुर्चीत बसली आणि झाडूचा कोड उघडला. जेमतेम एवढासा कोड, पाठ होता, तरी तिने तो परक्याचा असल्यासारखा वाचला. गप्प राहिलेली फेरी किती वेळाने पुसायची ते लिहिलं होतं. वेळ मोजायला भिंतीवरच्या घड्याळासारखं साधं घड्याळ वापरलं होतं. दोर चालू आहे की थांबलाय, हे कुठेही विचारलेलं नव्हतं. दुपारी दोर थांबला, पण घड्याळ चालतच राहिलं. आणि केबिनच्या रेडिओची बॅटरी स्टेशनातून जाताना भरायची; केबिन तासन् तास गारठ्यात लटकली, की बॅटरी बसणार, रेडिओ गप्प होणार. रेडिओ गप्प झाला की झाडू येणार. झाडू आला की ठिपका जाणार. दिवा हिरवा.

शेवटचा ठिपका गेला तो दार उघडून गेला, की झाडूने नेला? तिने आठवून पाहिलं, आठवेना. शोधायला काही नव्हतं. पुसलेला ऑब्जेक्ट मागे काही ठेवत नाही, त्याची जागा दुसऱ्याने कधीच घेतलेली असते. ती स्वतःच तर अभिमानाने सांगायची, माझ्या प्रोग्रॅममध्ये मागे काही उरत नाही म्हणून.

हळूकाका जाकीट चढवत होते. ब्रेकचा मोठा खटका पाडायला त्यांचा हात गेला. तो पडला की सकाळशिवाय दोर हलत नाही.

"काका, थांबा!"

तिचा असा आवाज त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता. काकांचा हात तिथेच राहिला.

"दोरावर माणूस असेल," ती म्हणाली.

मॅनेजरांनी स्क्रीनकडे बघितलं. "रिकामा आहे की, मॅडम."

"स्क्रीनला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जे गप्प झालं ते पोचलं, असं मी त्याला शिकवलंय. दोर थांबलेला असताना गप्प झालेलंसुद्धा. माझी चूक आहे, साहेब. माझी बहीण दुपारी गेली, ती घरी पोचली नाही."

मॅनेजरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी जीपमधल्या दोघांना फोन लावला. ते दोघं निम्म्या घाटात होते. दिवा हिरवा झाला म्हणून निघालो, म्हणाले, मागून येणाऱ्या केबिन कशाला बघायच्या? परत फिरायला वाट नव्हती, मागे झाड पडलं होतं.

"खाली चढताना किती आणि वर उतरताना किती, ते ताडून बघा की!" मॅनेजर म्हणाले, पण त्याचा उपयोग नव्हता. सेन्सर रोजच डुलक्या काढायचा, आकडे रोजच जुळायचे नाहीत. त्यातून काय कळणार?

खिडकीची काच पुन्हा दणाणली.

"मॅडम, ऐका," मॅनेजर म्हणाले. "वर कुलूप आहे, वीज नाही. म्हणजे दोर उलटा फिरवून केबिन खाली आणायची. या वाऱ्यात. रिकामी केबिन खांबावर आपटली किंवा दोर चाकावरून उतरला, तर कुणी असेल ते जिवानिशी जाईल. आणि ताई बसमध्ये असतील तर आपण उगाच... तुम्हाला खात्री आहे का? आहेत त्या तिथे?"

"नाही," ती म्हणाली. "खात्री नाही. तिथे नाही याची होती, ती गेली."

हे ती हळूच म्हणाली, आणि तिचे हात टेबलावर काही शोधत होते, पण आवरायला काही उरलं नव्हतं. रात्रभर ती तिथेच लटकली तर? गारठ्यात, अंधारात, अंगावर एक पातळ स्वेटर. हवी होती ती शाल, तीही मी... तिने डोळे मिटले.

मॅनेजरांनी काकांकडे बघितलं. "न्याल?"

"हळू नेतो," काका म्हणाले. एरवी या वाक्यावर सगळे हसायचे.

"वारा धोक्याच्या रेषेवर गेला की मी थांबा म्हणेन, आणि तुम्ही थांबायचं," मॅनेजर म्हणाले. "मॅडम, तुम्ही खाली फलाटावर जा. येणाऱ्या प्रत्येक केबिनमध्ये बघा."

ती जिना उतरली. लोखंडी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उतरली.

फलाट ओला होता आणि पिवळे दिवे वाऱ्याने हलत होते. वर कुठेतरी मोटर कण्हली, मोठं चाक उलट्या दिशेने सरकलं. पहिली केबिन ढगातून बाहेर आली, डुलत, फलाटाला लागली. तिने काचेला कपाळ लावून आत पाहिलं. बाकडी. रिकामी. दुसरी आली, रिकामी. तिसऱ्या केबिनमध्ये खिडकीशी काहीतरी काळं दिसलं आणि तिने बाहीने काच पुसली; कुणाची तरी विसरलेली छत्री होती. मग दोर थांबला. छपराला लावलेल्या स्पीकरमधून मॅनेजरांचा आवाज आला, "थांबलोय. वारा." ती तिथे उभी राहिली. दोर वरच्या वर कुरकुरत होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती, जणू नजर काढली तर तो सुटेल.

पुन्हा सुरू. रिकामी. रिकामी. प्रत्येक केबिन यायच्या आधी तिला वाटायचं हीच असावी, आणि प्रत्येक रिकामी केबिन बघून वाटायचं, नसेलच ती, बसमध्ये असेल, माझ्यावर चिडून खिडकीबाहेर बघत असेल. हे वाटणं किती छान होतं! त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि घरी जावं. आयुष्यभर ती तसंच तर करत आली होती. वडील वेळेवर आले नाहीत त्या रात्रीसुद्धा ती झोपली होती, आणि आई दाराशी बसली होती. वडील आले सकाळी, धडधाकट. म्हणून कायदा बरोबर ठरला. पण आईला कुणी विचारलं नाही.

एक केबिन खांबाला घासल्याचा कर्कश आवाज आला. ती ओरडली. दोर थांबला. बराच वेळ काही झालं नाही. मग स्पीकरमधून काकांचा आवाज आला, शांत, जणू चहा हवाय का विचारत असावेत. "काही नाही, मावशी. खरचटलंय नुसतं. नेतो."

पुढची केबिनसुद्धा रिकामी होती, तिच्या कडेचा रंग उडालेला. तिच्या पुढची काचेवर आतून वाफ धरून आली.

रिकाम्या केबिनच्या काचेला वाफ धरत नाही. हे तिच्या डोक्यात आलं तेव्हा ती धावत होती. दार ओढलं, ओलं हँडल हातातून सटकलं, पुन्हा ओढलं. आत ताई बसली होती. पाय वर घेऊन, पिशवी पोटाशी धरून, रुमाल कानाला बांधून.

"काय गं बाई," ताई म्हणाली. दातावर दात वाजत होते. "किती हा उशीर!"

आवरमावशीने तिला धरलं ते सोडेचना. मग दोघी कशाबशा फलाटावरच्या बाकावर बसल्या. हळूकाका आले, स्वतःचं जाकीट ताईच्या अंगावर टाकलं आणि थर्मासमधला चहा कपात ओतून तिच्या हातात दिला. मॅनेजर दारात उभे होते, फोनवर ताईच्या मुलाला सांगत होते की आहेत, बऱ्या आहेत, घ्या, बोला. ताई मुलाशी बोलली, त्यालाच दोन शब्द सुनावले, फोन परत दिला.

"फार घाबरलीस का गं?" आवरमावशीने विचारलं.

"आधी घाबरले," ताई म्हणाली. चहाची वाफ तिने चेहऱ्यावर घेतली. "वरचं स्टेशन समोर दिसत होतं आणि दिवे गेले, मग घाबरले. ओरडून बघितलं. मग म्हटलं, घाबरायचं कशाला? खाली आपली बाई बसलीय. तूच नाही का मला दाखवलं होतंस, प्रत्येकाचा एक ठिपका असतो म्हणून? म्हटलं, माझा ठिपका दिसतोय तिला. भांडली असेल, पण ठिपक्याकडे तर बघतच असेल ना. म्हणून बसून राहिले बघ निवांत."

काका दोराकडे बघायला लागले. मॅनेजरांनी फोन खिशात टाकला आणि पुन्हा काढला. आवरमावशीला वाटलं असतं तर ती गप्प बसू शकली असती. दोघांपैकी कुणीच ताईला काही सांगितलं नसतं.

"नव्हता, ताई," ती म्हणाली.

"काय नव्हता?"

"तुझा ठिपका. मी पुसला होता. तू गप्प होतीस, म्हणून पोचलीस असं धरलं आणि पुसून टाकलं. आम्ही दिवे मालवून घरी निघालो होतो. तुझ्या मुलाचा फोन आला नसता तर..." तिला हुंदका आला. "मला काहीच दिसत नव्हतं, ताई. तू निवांत बसली होतीस, आणि मला काहीच दिसत नव्हतं."

ताईने तिच्याकडे बघितलं. ती रागावेल, ओरडेल, असं वाटलं होतं. आणि तिने ओरडावं असं आवरमावशीला फार वाटत होतं. ताई ओरडली नाही. तिने जाकिटाची एक बाजू उचलून बहिणीच्या खांद्यावर ओढली, चहाचा एक घोट घेतला आणि कप दोघींच्या मधे बाकावर ठेवला.

काका वर निघाले. "मावशी, खटका पाडू?" त्यांनी जिन्याशी थांबून विचारलं.

"नको, काका. उरलेल्या सगळ्या खाली आणा. प्रत्येकीत बघू." ती डोळे पुसत म्हणाली. "उद्यापासून रोज बघायचं. प्रोग्रॅममध्येही मी तेच घालते. दार उघडून कुणीतरी आत बघितल्याशिवाय काही पुसायचं नाही. भरू दे मेमरी."

मोटर पुन्हा कण्हली. केबिन एकामागून एक ढगातून बाहेर येत राहिल्या आणि मॅनेजर प्रत्येकीच्या काचेला कपाळ लावून बघत राहिले. बाकावर कप तसाच होता, आणि चहा निवत चालला होता. आवरमावशीचा हात सवयीने कपाकडे गेला. तो कपाला लागायच्या आत तिने थांबवला.

"ताई," ती म्हणाली, "झालं का तुझं?"

"नाही," ताई म्हणाली. "आहे अजून."

आवरमावशीने हात मागे घेतला आणि दोघींच्या खांद्यांवरून सरकलेलं जाकीट नीट केलं.